चित्रपुस्तकातला पाहुणा

(ग्रंथालयाच्या शताब्दी-व्याख्यानमालेत औराद येथे केलेले भाषण)



शताब्दीच्या व्याख्यानमालेत ज्ञानेश्वरीवर बोलावे, कादंबरीवर बोलावे, निदान ग्रंथालय-चळवळीवर तरी बोलावे, अशी अपेक्षा साहजिक आहे. मी मुलांच्या एका चित्रपुस्तकावर बोलणार आहे, आणि तेही आपल्या बालविभागाच्या कपाटात नसलेल्या. मला हवे तसे ते इतरत्रही माझ्या पाहण्यात आलेले नाही. त्याची कथा मात्र साडेपाचशे वर्षांपूर्वी, येथून चाळीसएक किलोमीटरवर, बिदरला घडून गेली आहे. आणि ज्याच्या आयुष्यात ती घडली त्यानेच ती लिहून ठेवली आहे. असे पुस्तक निघावे, आणि औरादच्या मुलांना डोळ्यांपुढे ठेवून निघावे, एवढ्यासाठी मी उभा आहे. त्यातील एका पानाशी मी अडतो, तेही आपल्यासमोर ठेवणार आहे.

परमुलखातून पाहुणा येतो आणि घरची मुले त्याचे स्वागत करतात, हा चित्रपुस्तकांचा जगभर चालत आलेला विषय. त्याचा साचाही ठरून गेला आहे. दाराशी वेगळ्या वेषाचा माणूस उभा राहतो. धाकटे मूल आईच्या पदराआड जाते. आजी गूळपाणी पुढे करते. पाहुण्याला आमटी तिखट लागते, त्याच्या डोळ्यांत पाणी येते, सारे हसतात. आणि शेवटच्या पानावर सगळे एका पंगतीला बसलेले असतात. चित्रे सुरेख असतात, कागद गुळगुळीत असतो. मूल पुस्तक मिटते ते 'आपण किती चांगले' हा समज घेऊन. पाहुणा जेवला, हसला, गेला. त्याने त्या घरात काय पाहिले, हे पुस्तक विचारीतच नाही. अशा पुस्तकांतील पाहुण्याला तोंड असते, डोळे नसतात.

'पाहुणा' हा शब्द संस्कृतातील 'प्राघुण'पासून आला. 'पाहणे' या क्रियापदाशी त्याचे नाते नाही. तरी मराठी कानाला ते नाते ऐकू येते, आणि मला ते सोडवत नाही. पाहुणा येतो तसा पाहतोही: आपली चूल, आपली भांडणे, आपण झाकून ठेवलेला कोपरा. ताट वाढणे त्या मानाने सोपे असते. पाहू देणे अवघड जाते.

आता ज्या पाहुण्याबद्दल बोलायचे त्याच्याकडे येतो. अफानासी निकितिन हा रशियातील व्होल्गाकाठच्या त्वेर गावचा व्यापारी. तो घरून निघाला तेव्हा हिंदुस्थान त्याच्या मनातही नव्हता. कास्पियन समुद्राकडील शिरवान प्रांती व्यापाराला म्हणून त्याने नाव सोडली होती. वाटेत आस्त्राखानजवळ त्याला लुटले. माल गेला आणि जवळची पुस्तकेही गेली. पुस्तके गेल्यामुळे आपल्या धर्मातील सणवार कोणत्या दिवशी येतात हेही कळेनासे झाले, याची खंत त्याने लिहून ठेवली आहे; ग्रंथालयाच्या सभेत ही गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. रिकाम्या हाताने परतण्यात अर्थ नव्हता. इराण ओलांडून तो हुर्मुझला आला, घोडे वाहून नेणाऱ्या गलबतात चढला आणि १४६९च्या सुमारास आपल्या कोकणात, चौलच्या बंदरात उतरला. वास्को द गामा कालिकतला पोहोचला तो १४९८ साली. गामापाशी तोफा होत्या आणि राजाचे पत्र होते. निकितिनपाशी शंभर रूबलला पडलेला एक घोडा होता.

चौलपासूनच चित्रे सुरू होतात. आपण जेथे जाऊ तेथे माणसांचा घोळका मागे येतो आणि गोऱ्या माणसाकडे नवलाने पाहत राहतो, असे त्याने नोंदवले आहे. तो स्वतःही उघड्या डोक्याच्या, वेणी घातलेल्या माणसांकडे तितक्याच नवलाने पाहत होता. पुस्तकाचे पहिले चित्र हेच असावे: मध्ये घोडा आणि घोडेवाला, मागे अख्खे गाव. कोण कोणाला पाहतो आहे, हे मुलानेच ठरवावे.

तेथून तो जुन्नरला आला आणि पावसाळ्यात अडकला. चार महिने सगळीकडे पाणी आणि चिखल! आपल्या या पावसाळ्याला त्याने हिवाळा म्हटले आहे, कारण त्याच्या देशी घरात कोंडून घालणारा ऋतू तोच. येथे घोड्यांना हरभरा घालतात आणि साखर-तुपाची खिचडी शिजवून चारतात, हे पाहून तो चकित झाला. (आपल्या अमरेश्वराच्या जत्रेत जनावरांचा बाजार पाहिलेल्या मुलाला हे पान समजावून द्यावे लागणार नाही, आपल्याकडे देवणी बैलाचेही कमी लाड होत नाहीत.) मग संकट आले. जुन्नरच्या खानाने घोडा हिसकावून घेतला आणि चार दिवसांची मुदत दिली. आमचा धर्म घेशील तर घोडा परत आणि वर हजार मोहरा. न घेशील तर घोडा गेला आणि हजार मोहरा दंड. परक्या मुलखात एकटा माणूस. अशा वेळी खुरासानचा एक ख्वाजा महंमद तेथे आला. निकितिनने त्याच्यापुढे पदर पसरला, तेव्हा तो घोड्यावर बसून खानाकडे गेला, त्याची सुटका करवून आला आणि घोडाही सोडवून आणला. खान मुसलमान होता आणि ख्वाजाही मुसलमान होता. चित्रकाराने या दोघांना सारख्याच आकाराची पाने द्यावीत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. ती का, हे पुढे कळेल.

मग बिदर. बहमनी राज्याची राजधानी, भरभराटीचा काळ. सुलतानाच्या वाड्याला सात दरवाजे, दर दरवाजापाशी शंभर पहारेकरी आणि शंभर कारकून. आत कोण गेले, बाहेर कोण आले, सारे लिहून घेतात. आपल्या ग्रंथपालांना हे चित्र आवडावे! शेख अलाउद्दीनच्या नावाने भरणाऱ्या जत्रेत वीस हजारांपर्यंत घोडे येतात, असेही तो लिहितो. ही जत्रा आळंदची, असे मानले जाते. माकडांना त्यांचा स्वतःचा राजपुत्र असतो, कोणी त्रास दिला तर ती त्याच्याकडे फिर्याद नेतात आणि तो आपले सैन्य धाडतो, ही कोणाकडून तरी ऐकलेली गोष्टही त्याने भाबडेपणाने उतरवून घेतली आहे. हे पान वगळणाऱ्या संपादकाला मुलांनी क्षमा करू नये. त्याच वहीत आणखी एक नोंद आहे: या देशात माणसे फार, खेड्यातली माणसे अत्यंत दरिद्री आणि सरदार मात्र चांदीच्या पालख्यांतून मिरवणारे. पाहुण्याचे डोळे म्हणतो ते हे.

आता मी ज्या पानाशी अडतो ते पान. बिदरला राहत असताना निकितिनची पुष्कळ स्थानिक लोकांशी ओळख झाली. तो त्या काळच्या परदेशी व्यापाऱ्यांच्या रिवाजाप्रमाणे ख्वाजा युसूफ खुरासानी या नावाने वावरत होता. ही माणसे मुसलमानांपासून आपले अन्न लपवीत. परक्याने मडक्यात डोकावले तर ते अन्न टाकून देत. जेवताना कोणी पाहू नये म्हणून अंगावरून कापड ओढून घेत. एके दिवशी त्याने आपले खरे नाव आणि खरा धर्म त्यांना सांगितला. त्यानंतर त्यांनी त्याच्यापासून काही लपविले नाही. अन्न, व्यापार, पूजाअर्चा, घरातील बायकामाणसे, सगळे त्याला दिसू लागले. पुढे तो त्यांच्याच सोबतीने त्यांच्या यात्रेला, 'पर्वता'ला गेला; अभ्यासक ते स्थान म्हणजे श्रीशैल असे मानतात.

ताटावरचे कापड बाजूला होते आणि पाहुण्याला आतले अन्न दिसते. चित्रपुस्तकाला याहून चांगले मधले पान कोणते मिळणार? आणि तरीही मला ते जसेच्या तसे काढवत नाही. औरादच्या बालविभागात हे पुस्तक मांडीवर घेऊन बसलेल्या मुलांत एक सलीम असणार, एक शबाना असणार. कापड कोणासाठी दूर झाले हे ते वाचतील, तसे ते कोणासमोर ओढून घेतले होते हेही वाचतील.

यावर दोन सोप्या वाटा आहेत. एक, 'काही लोक' असे मोघम लिहून मोकळे व्हावे. दुसरी, पानच गाळावे आणि शेवटची पंगत रंगवावी. दोन्ही मला नापसंत आहेत. मुलांना फसवून केलेले स्वागत हे पुन्हा कापड ओढून घेणेच झाले. निकितिनची वही नीट वाचली तर वाट तिच्यातच सापडते. त्याने लगेच पुढे हेही सांगितले आहे की, या देशात अनेक पंथ आहेत आणि एका पंथाचा माणूस दुसऱ्याबरोबर जेवत नाही, पाणी पीत नाही, सोयरीक करीत नाही. म्हणजे ते कापड एकट्या मुसलमानासमोर नव्हते. ते शेजाऱ्याशेजाऱ्यांत होते, आळीआळीत होते. पंगतीच्या पानावर जी मुले आपण हसतखेळत रंगवतो, त्यांतल्या कितीकांच्या पणज्यांना त्या ओसरीवर पाऊल टाकता आले असते? याच जिल्ह्यातील कल्याणात बाराव्या शतकात बसवण्णांच्या शरणांनी ते कापड फेडायचा यत्न केला. हरळय्याच्या मुलाची आणि मधुवरसाच्या मुलीची सोयरीक जुळवली, आणि त्यापायी कल्याणात रक्त सांडले. तेव्हा त्या मधल्या पानावर एकच ताट आणि एकच कापड काढू नये. पूर्ण पानभर घरे काढावीत, प्रत्येक घरात कोणीतरी कापडाआड जेवत असावे, आणि एका घरात तेवढे कापड बाजूला झालेले असावे. सलीमला आपण एकटे वगळलो नाही हे दिसेल, आणि ज्या मुलाला हे पान फक्त सलीमविषयी आहे असे वाटले असते त्याला आपलेही घर त्यात सापडेल. ख्वाजा महंमदाचे पान आधी येऊन गेलेले असेल, ते यासाठी.

याच बिदरात आणखी एक परदेशी होता आणि तो निकितिनहून कितीतरी मोठा होता. इराणातील गिलान प्रांतातून १४५३ साली व्यापारी म्हणून आलेला महमूद गवान येथे वजीर झाला. निकितिनच्या वहीत 'मेलिक तुचार' म्हणून येतो तो हाच. मलिक-उत्-तुज्जार ही त्याची पदवी होती. १४७२ साली त्याने मदरसा उभारला आणि त्यात मोठा ग्रंथसंग्रह ठेवला. परक्याला एवढे मोठे करणारे शहर, पण त्याच शहरात दख्खनी आणि आफाकी, म्हणजे येथले आणि बाहेरचे, अशा दोन फळ्यांचे वैर होते. शत्रूंनी त्याच्या नावाने खोटे पत्र तयार केले आणि १४८१ साली सुलतानाने त्याचा शिरच्छेद करविला. मदरशाची निम्मी इमारत पुढे, औरंगजेबाच्या काळात, दारूच्या स्फोटात गेली. उरलेल्या भिंतीवरच्या निळ्या-हिरव्या फरशा आजही पाहायला मिळतात. गवान या चित्रपुस्तकात नसावा. त्याचे पुस्तक वेगळे आणि मोठ्या मुलांसाठी. पण मोठ्यांच्या सभेत हे सांगितले नाही तर बिदर म्हणजे नुसते आतिथ्याचे माहेरघर असा समज होईल, आणि तो खरा नाही.

निकितिनने परदेशी माणसासाठी एक शब्द वापरला आहे: 'गरीप'. आपला 'गरीब' तो हाच. मूळ अरबीत त्याचा अर्थ परका, परदेशी; फारसीतून आपल्याकडे येईपर्यंत तो दरिद्री झाला. ज्याला ओळखणारे कोणी नाही तो गरीब, अशी ही वाट असावी. 'पाव्हणं, कुठलं गाव?' असे एस.टी.त शेजारच्याला विचारणारी आपली माणसे त्या प्रश्नाने त्याची निम्मी गरिबी दूर करीत असतात, हे त्यांच्या ध्यानीही नसते.

या गोष्टीचे औरादशी आणखी एक नाते आहे, आणि ते थोडे दुखरे आहे. चित्रपुस्तकात यजमान कोण आणि पाहुणा कोण हे ठरलेले असते. येथे ते तसे नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्यातील बिदर जिल्हा तिघांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात गेले. बिदर, हुमनाबाद, भालकी आणि आपला औराद, ज्याला त्या वेळी संतपूर तालुका म्हणत, म्हैसूर राज्यात आले. १९७३ साली म्हैसूरचे कर्नाटक झाले. आपले हे ग्रंथालय निजामाच्या अमलात सुरू झाले. ते जागचे हलले नाही, राज्ये हलली. न हलताही माणूस पाहुणा होऊ शकतो, हे येथल्या मराठी वाचकाला कोणी शिकवावे लागत नाही. घरी मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी उर्दू आणि मोठ्या दवाखान्यासाठी हैदराबादला गेले की तेलुगू, असे येथल्या मुलाचे दिवस जातात. कन्नड घरातले मूल याच वाटेवर उलट्या बाजूने चालत असते. 'या, बसा', 'बर्री, कुंद्री', 'आओ, बैठो' ही तिन्ही स्वागते एकाच गल्लीत ऐकू येतात. त्यामुळे कर्नाटकातील मराठी ग्रंथालयाने परक्याच्या स्वागताचे पुस्तक काढायचे म्हटले, तर ते वरच्या पायरीवर उभे राहून काढता येणार नाही, आणि मला ही अडचण मोलाची वाटते. ऑस्ट्रेलियातील चित्रकार शॉन टॅन यांनी 'द अरायव्हल' (२००६) या पुस्तकात एकही शब्द न लिहिता परक्या शहरात आलेल्या माणसाची कथा सांगितली आहे. त्या शहरातल्या पाट्यांची लिपीही मनाने रचलेली, कोणालाच न वाचता येणारी. वाचणारा प्रत्येक जण त्यात परका होतो. औरादच्या मुलाला हा अनुभव पहिल्या इयत्तेतच आलेला असतो.

पाहुण्याला घरात घेण्याची मराठी वाङ्मयाची जुनी रीत म्हणजे आधी त्याला आपले कपडे चढवायचे. ऑथेल्लो आला तो देवलांच्या घरी झुंझारराव होऊन. नाटकात ते शोभलेही. मुलांच्या कपाटात ही रीत मोडली ती सोव्हिएत पुस्तकांनी. १९७० आणि १९८०च्या दशकांत मॉस्कोहून मराठीत छापून आलेली, अनिल हवालदारांसारख्यांनी अनुवादलेली ती स्वस्त, देखणी पुस्तके पुष्कळांच्या हातांतून गेली असतील. त्यांतला डेनिस डेनिसच राहिला, चहा समोवारातच उकळला, आणि बर्फ कधीही न पाहिलेल्या आपल्या मुलांनी कानटोप्या घातलेल्या त्या मुलांना हसत आत घेतले. १९९१ साली सोव्हिएत संघ संपला आणि तो ओघ आटला. व्होल्गाकाठचा माणूस पंधराव्या शतकात बिदरला आला, आणि पाचशे वर्षांनी त्याच्याच देशाची पुस्तके मराठी घरांत आली. दुसऱ्या खेपेला त्यांना नाव बदलावे लागले नाही.

निकितिनवर १९५७ साली 'परदेसी' नावाचा चित्रपट निघाला होता, हे ज्येष्ठांना आठवत असेल. ख्वाजा अहमद अब्बास आणि प्रोनिन हे दिग्दर्शक. नर्गिस, बलराज साहनी त्यात होते. चित्रपटाला नायिका लागते म्हणून तीही पुरविली गेली. चित्रपुस्तकाला ती लागणार नाही, घोडा पुरे. बिदरला त्याने तो घोडा वर्षभर दाणावैरण घालून सांभाळला आणि नाताळच्या सुमारास विकला. घोड्याशिवाय उभा असलेला निकितिन हे एक पान व्हावे. त्याखाली मजकूर नको. पुढे परतीच्या वाटेवर, स्मोलेन्स्कला पोहोचण्याआधीच, तो वारला. त्याच्या वह्या व्यापाऱ्यांनी १४७५च्या सुमारास मॉस्कोला पोहोचविल्या, म्हणून आपल्याला ही गोष्ट माहीत झाली. त्या वहीची भाषाही पाहण्यासारखी आहे: रशियन वाक्यात मध्येच तुर्की, फारसी, अरबी शब्द येतात, आणि शेवटची प्रार्थना तर सगळी मिसळच आहे. आपल्याकडे बाजारातून घरी आलेले मूल असेच बोलते.

राहिला प्रश्न छपाईचा. कोमेनियसचे १६५८ सालचे 'ऑर्बिस पिक्टस' हे युरोपातील मुलांच्या चित्रपुस्तकांचे मूळपुस्तक लॅटिन आणि जर्मन अशा दोन भाषांत होते; तेव्हा एका चित्राखाली एकाहून अधिक भाषा हे काही नवे खूळ नव्हे. 'प्रथम बुक्स' ही संस्था २००४ पासून मराठी, कन्नड, उर्दू, तेलुगू अशा अनेक भाषांत चित्रपुस्तके काढीत आली आहे, पण त्यांच्या बहुतेक आवृत्त्या भाषावार निरनिराळ्या असतात. मला एकाच पुठ्ठ्यात तिन्ही हव्यात, कारण दोन घरांतली दोन मुले एका वेळी एकच पुस्तक धरून बसावीत हा सारा हेतू आहे. मराठी आणि कन्नड ओळी एकाखाली एक बसतील. उर्दूची अडचण आहे. तिचे पुस्तक उजवीकडून उघडते. डावीकडून उघडले तर निकितिन आणि त्याचा घोडा पुढे चाललेले दिसतात. उजवीकडून उघडले तर तीच चित्रे त्यांना उलटे चालवतील.

यावर एक तोड सुचते. पुस्तक दोन्ही बाजूंनी उघडावे. एका बाजूने त्वेरहून निघालेला पाहुणा येत राहील; दुसऱ्या बाजूने बिदरच्या घरातील एक मुलगी, चुलीपासून ओसरीपर्यंत आणि ओसरीपासून वेशीपर्यंत, त्याच्याकडे जात राहील; आणि कापडाचे पान बरोबर मध्यावर, दोन्हीकडून येणाऱ्यांना एकच. दोन्ही बाजूंना मजकूर तिन्ही भाषांत. असे केले तर शिलाई कोठे घ्यायची, उर्दूची ओळ चित्राच्या वर ठेवायची की खाली, आणि मुखपृष्ठे दोन झाली तर ग्रंथालयाचा शिक्का कोणत्या बाजूला मारायचा, हे चित्रकाराने, मुद्रकाने आणि आपल्या ग्रंथपालांनी एकत्र बसून ठरवावे लागेल.